लाटेत उपासना: दारं लावायची की गाणं थांबवायचं?

दुसऱ्या बाकावरचा (मूळ धागा)

कोविडचे रुग्ण पुन्हा वाढायला लागले तसा आमच्या चर्चच्या पंच कमिटीने ठराव करून टाकला: पुढचे चार रविवार मंडळी (म्हणजे चर्च) बंद, उपासना फक्त ऑनलाइन. माझा याला विरोध आहे. 'देव राखील, मास्क कशाला' म्हणणाऱ्यांतला मी नाही, बूस्टरसुद्धा घेऊन झालाय. माझी तक्रार अशी की 'चालू' आणि 'बंद' यांच्या मधलं काही कमिटीपुढे कोणी मांडलंच नाही.

धोका नेमका कशात आहे हे मार्च २०२० मध्येच दिसलं होतं. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात स्कॅगिट व्हॅलीच्या एका गायनवृंदाचा अडीच तास सराव झाला. ६१ जण आले होते, त्यांतल्या एकाला लक्षणं होती. त्या एकासह ५३ जण बाधित धरले गेले (३३ चाचणीने, बाकीचे लक्षणांवरून), दोघे दगावले. बंद जागा, लांबलेला वेळ आणि मोकळ्या गळ्याने गाणं, तिन्ही एकत्र आलं.

मग यांतलं एकेक काढा ना. अर्ध्या तासाची उपासना, दोन पाळ्यांत. खिडक्या सताड उघड्या, जमलं तर सरळ बाहेर अंगणात. गीत एकानेच म्हणायचं, बाकीच्यांनी मास्कमध्ये मनातल्या मनात. आणि तो बाक पुसण्याचा सोपस्कार कृपा करून थांबवा. हवेतून पसरणाऱ्या रोगासाठी आपण बाक चकचकीत करत बसलो आणि खिडक्या मात्र धूळ येते म्हणून लावून घेतल्या!

वॉर्डातली ताई

कागदावर छान आहे. पण लागण काय फक्त उपासनेच्या अर्ध्या तासात होते? आशीर्वाद झाला की सगळे दारात थबकतात. 'कसे आहात', हातात हात, कोणाचं बाळ कडेवर, मास्क हनुवटीखाली. खरी मंडळी तिथे भरते, आणि तिला कोणतीही कमिटी वेळ लावून देऊ शकत नाही.

दुसरं, स्कॅगिटचा विषाणू पहिला, मूळचा होता. ओमायक्रॉन हा नंतरचा प्रकार त्याच्याहून कितीतरी वेगाने पसरतो आणि लस घेतलेल्यांनाही गाठतो. लशीमुळे आजार बहुतेकांना हलका जातो, हे खरं. पण आपल्या पुढच्या तीन बाकांवर कोण बसतं ते आठवा. सत्तरीपुढचे, डायलिसिसवाले, केमो चालू असलेले. चार रविवार घरी बसून विश्वास आटत नाही.

जुनी वही

ताई, बाजार चालू, लग्नं चालू, आणि टाळं फक्त मंडळीला? बायबलात इब्री १०:२५ मध्ये एकत्र मिळणं सोडू नका असं स्पष्ट सांगितलंय. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही अशा म्हाताऱ्या विधवांना ऑनलाइन उपासनेचा काय उपयोग? त्यांना आठवड्यातून एकदाच माणसं भेटतात.

१५२७ मध्ये जर्मनीत विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ दुसरीकडे हललं, धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर हलला नाही. आजाऱ्यांना घरात ठेवून घेतलं. पाळकाने पळू नये, हे त्याने एका पत्रात लिहूनही ठेवलं.

वॉर्डातली ताई

त्याच पत्रात पुढे तो काय म्हणतो तेही सांगा ना. धुरी देईन, औषध घेईन, आणि जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, नाहीतर माझ्यामुळे दुसऱ्याला लागण होऊन तो मरेल. तो आजाऱ्याच्या खाटेपाशी गेला. म्हणजे भेटी चालू, गर्दी बंद. मी तरी वेगळं काय म्हणतेय? चाचणी करून, नीट बसणारा एन-९५ लावून, एका घरी एकानेच जा.

खिडकीवाला

अंदाजावर भांडण्यापेक्षा कार्बन डायऑक्साइड मोजायचं छोटं यंत्र आणा. बाहेरच्या हवेत तो साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) असतो. सभागृहात ८००च्या वर चढायला लागला की हवा खेळत नाही असं समजा. हजारावर गेला तर उपासना आटोपती घ्या, मग संदेश कितीही रंगात आलेला असो. (काही रविवारी त्या यंत्राचे उपकारच होतील.)

'परंपरा मोडते' म्हणणाऱ्यांसाठी एक गोष्ट. प्रभुभोजनाचे आपले छोटे वेगवेगळे प्याले आले कुठून? १८९०च्या दशकात अमेरिकेत जंतूंच्या भीतीने काही मंडळ्यांनी एकच प्याला फिरवणं सोडलं, तिथून ते रुळले. तेव्हाही आरडाओरडा झालाच होता.

संडे स्कूलवाली

ऑनलाइनमध्ये एकत्र गाता येत नाही, प्रत्येकाचा आवाज मागेपुढे पोचतो. शेवटी सगळ्यांना म्यूट करून मी एकटीच गाते आणि मुलं कॅमेरा बंद करून भलतंच काहीतरी बघतात. मला उघडलेलं हवंय. पण आठ वर्षांची पोरं अंतर पाळतील असं मी कोणाला लिहून देणार नाही.

दुसऱ्या बाकावरचा

ताई, दाराचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावर उपाय आहे. एकेक रांग सोडा, निरोप फाटकाबाहेर. तरुण संघाची चार पोरं उभी करा. पुढच्या बाकांवरच्यांना घरीच राहायला सांगा; त्यांच्यासाठी साधी फोनवरची कॉन्फरन्स लावता येते, तिला स्मार्टफोन लागत नाही.

आणि बंदच ठेवायचं असेल तर कशावरून उघडणार तेही ठरावात लिहा. 'पुढील सूचनेपर्यंत' मला चालणार नाही. मागच्या वेळी त्या सूचनेची वाट बघत किती कुटुंबं कायमची तुटली, दानार्पणाच्या वहीतही दिसेल.

वॉर्डातली ताई

उघडण्याची अट लिहा, याला माझी सही घ्या. पण अशी: रुग्णसंख्या सलग दोन आठवडे उतरली की आधी अंगणात, मग आत. चढत्या लाटेत नाही, तुमची चार पोरं दारात असली तरी नाही. एखाद्या आजीने हात पुढे केला तर 'नको' म्हणायची त्यांची छाती होणार आहे का?

आणि जुनी वही, फोन नसलेल्यांची नावं पाळकसाहेबांकडे असतील. ठराव करायच्या आधी कमिटीतल्या एकाने तरी ती मागितली का, हे विचारा.