मदत हवी आहे: शेअरपॉइंटवर ऑटो-लेबल केवायसीला लागत नाही, बिल ऑफ एंट्रीला लागतंय

ऐरोली_स्लो
मायक्रोसॉफ्टच्या पर्व्ह्यूमध्ये (डेटा सुरक्षेचं टूल) ऑटो-लेबलिंगची पॉलिसी केली आहे, म्हणजे फाइलला लेबल आपोआप लागावं. फाइलमध्ये पॅन किंवा आधार सापडलं की 'गोपनीय' लेबल, एवढंच. पण केवायसी फोल्डरमधल्या निम्म्या फायली सुटतायत आणि बिल ऑफ एंट्रीच्या (आयात मालाच्या कस्टम्स कागदाच्या) फायली ढिगाने पकडल्या जातायत. सोमवारी क्लायंटचं ऑडिट आहे. 'मायक्रोसॉफ्टला तिकीट टाका' सांगू नका, टाकलंय.

रबाळे_नोड
लायसन्स कुठलं? पॉलिसी चालू आहे की सिम्युलेशनमध्ये (नुसती चाचणी)? लेबलमध्ये एन्क्रिप्शन आहे का? 'पकडल्या जातायत' म्हणजे फाइलवर लेबल दिसतंय, की कुठल्या यादीत नाव दिसतंय?

ऐरोली_स्लो
लायसन्स ई५, मायक्रोसॉफ्टचं. 'आयटम्स टू रिव्ह्यू'च्या यादीत दिसतंय. एन्क्रिप्शन आहे, आमच्या टेनंटबाहेर (कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्याबाहेर) कोणालाही उघडणार नाही असं. फायली नेहमीच्याच, एक्सेल-वर्ड-पीडीएफ.

रबाळे_नोड
मग अजून एकाही फाइलला लेबल लागलेलं नाही. ती यादी सिम्युलेशनची आहे. आधी एक काम करा, बाकी नंतर: पॉलिसी उघडून 'सात दिवसांत बदल न झाल्यास आपोआप चालू करा' ही टिक आहे का बघा. असली तर आत्ता काढा. नाहीतर पॉलिसी स्वतःच चालू होईल, बिल ऑफ एंट्री एन्क्रिप्ट होतील आणि ईमेलने मिळालेली फाइल आयातदाराला उघडणारच नाही.

ऐरोली_स्लो
होती. काढली. 🙏

पामबीच_क्लाउड
हे सगळं गुगल ड्राइव्हमध्ये सोपं आहे. अॅडमिन कन्सोलमध्ये डेटा प्रोटेक्शनचा नियम करायचा, कृतीमध्ये ड्राइव्ह लेबल निवडायचं, झालं.

रबाळे_नोड
त्यांच्या फायली शेअरपॉइंटवर आहेत. सोमवारच्या आत स्थलांतर करायचं का? आणि ड्राइव्हचं लेबल फाइल डाउनलोड केली की सोबत जात नाही. ऑफिस फाइलचं सेन्सिटिव्हिटी लेबल फाइलच्या आतच असतं, पेनड्राइव्हवर गेली तरी एन्क्रिप्शन राहतं. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जेएनपीटी_रोड
कस्टम क्लिअरिंगचं ऑफिस दिसतंय. तुमच्या धंद्यात पॅनवर नियम लावणंच चूक. जीएसटी आल्यापासून आयईसी (आयात-निर्यात कोड) म्हणजे फर्मचं पॅनच. ते बिल ऑफ एंट्रीवर, चेकलिस्टवर, इनव्हॉइसवर सगळीकडे छापलेलं असतं. पॉलिसी बरोबरच काम करतेय, तिला सांगितलंय तेच ती शोधतेय.

घोडबंदर_जाम
त्यात कंटेनर नंबरही पॅनसारखाच असतो, त्यामुळेही गोंधळ होत असणार.

जेएनपीटी_रोड
नाही होत. कंटेनर नंबर चार अक्षरं आणि सात आकडे. पॅन पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. पॅटर्न जुळूच शकत नाही.

घोडबंदर_जाम
बरं. मग चौथं अक्षर 'पी' असलेलीच पॅन घ्या. 'पी' म्हणजे व्यक्ती, 'सी' म्हणजे कंपनी. कस्टम इन्फो टाइपमध्ये (काय शोधायचं त्याचा स्वतः बनवलेला प्रकार) एका रेजेक्सचं (अक्षरांच्या पॅटर्नचं) काम आहे.

जेएनपीटी_रोड
आणि प्रोप्रायटर? त्याचं वैयक्तिक पॅन हेच त्याचं आयईसी. लहान आयातदारांत असे भरपूर. शिवाय कंपनीचं पॅन लपवून काय मिळणार? जीएसटी नंबरातलं तिसऱ्यापासून बारावं अक्षर म्हणजे पॅनच, आणि तो नंबर दुकानाच्या पाटीवर असतो. माझं मत: पॅन काढून टाका, आधार ठेवा. संचालकांचं आधार केवायसीतच असतं, बिल ऑफ एंट्रीत नसतं.

ऐरोली_स्लो
पॅन काढून सिम्युलेशन पुन्हा चालवलं. बिल ऑफ एंट्री गेल्या. पण केवायसीची मुख्य एक्सेल, जिच्यात सगळ्या पार्ट्यांची आधार आहेत, तीच येत नाही! सेटिंग बदलली तर वर माल वाहतुकीच्या ई-वे बिलांचे दोन रजिस्टर आले.

रबाळे_नोड
एक्सटेन्शन काय? .एक्सएलएस की .एक्सएलएसएक्स? पासवर्ड आहे का? कॉन्फिडन्स लेव्हल (जुळणी किती पक्की हवी) कुठली ठेवलीय?

ऐरोली_स्लो
एक्सएलएसएक्स. पासवर्ड नाही. हाय होतं, काही सापडेना म्हणून मीडियम केलं. हायला ई-वे बिल नव्हते येत. मीडियमला मुख्य एक्सेल येते, पण तिच्याबरोबर तेही येतात.

रबाळे_नोड
हे आधी सांगितलं असतं तर चार प्रतिसाद वाचले असते. हायसाठी बारा आकडे, चेकसम (शेवटच्या आकड्याची पडताळणी) आणि जवळपास 'आधार', 'यूआयडी' असा एखादा शब्द, तिन्ही लागतात. जवळपास म्हणजे ३०० अक्षरांच्या आत. तुमच्या एक्सेलमध्ये 'आधार नं.' हा शब्द फक्त वरच्या हेडिंगमध्ये असणार. नाव, पत्ता, मोबाइल असे बरेच रकाने असले तर पहिल्या नंबराआधीच ३०० अक्षरं संपतात. खालचे सगळे नंबर शब्दाविना उरतात.

मीडियमला शब्दाची अट जाते, नुसतं चेकसम उरतं. आणि ई-वे बिल नंबरही बारा आकडीच. आधारचं चेकसम एका आकड्याचं आहे, म्हणून कुठल्याही बारा आकडी नंबरांपैकी साधारण दहातला एक त्यातून पास होतो. शेकडो ई-वे बिलांच्या रजिस्टरमध्ये असे बरेच निघणारच.

जेएनपीटी_रोड
मग इन्स्टन्स काउंट वाढवा. दहाच्या वर सापडली तरच लेबल.

रबाळे_नोड
त्याने एकट्या संचालकाची केवायसी सुटेल, आणि मोठं रजिस्टर तरीही येईल. उलटं होईल सगळं. त्यापेक्षा असं करा:

इन्फर्मेशन प्रोटेक्शन, मग क्लासिफायर्स, मग सेन्सिटिव्ह इन्फो टाइप्स. आधारचा तयार प्रकार शोधून कॉपी करा, मूळचा बदलता येत नाही. कॉपीतल्या पॅटर्नमध्ये प्रॉक्सिमिटी ३०० अक्षरांऐवजी 'डॉक्युमेंटमध्ये कुठेही' करा. शब्दांच्या यादीत तुमच्या ऑफिसात हेडिंगला जे लिहितात ते घाला: 'आधार नं', 'आधार क्र.', आणि इंग्रजीतल्या दोन्ही स्पेलिंग. नुसतं 'यूआयडी' काढा, ते सॉफ्टवेअरच्या एक्सपोर्टमध्ये कुठेही येतं. सेव्ह केल्यावर तिथेच 'टेस्ट'चं बटण आहे, मुख्य एक्सेल आणि एक ई-वे रजिस्टर अपलोड करून बघा. मगच पॉलिसीत जुना प्रकार काढून हा घाला, कॉन्फिडन्स हाय.

पारसिक_टनेल
आणि स्कॅन केलेली आधार कार्डं? पीडीएफ असली तरी आत चित्र असतं, मजकूर नाही. ओसीआर (चित्रातला मजकूर वाचणं) चालू केल्याशिवाय काही सापडणार नाही, आणि त्याचे पैसे ई५च्या वर वेगळे, वापराप्रमाणे. जुन्या .डॉक, .एक्सएलएस फायलींना लेबल लागतच नाही, आधी नव्या फॉरमॅटमध्ये सेव्ह करा. पीडीएफला लेबल लावायचं तर शेअरपॉइंटमध्ये त्याची सेटिंग वेगळी चालू करावी लागते. कोणी फाइल उघडून बसलं असेल तर तेवढ्या वेळ ती सुटते.

पामबीच_क्लाउड
अॅमेझॉनच्या एस३मध्ये (क्लाउड साठवण) मेसी (संवेदनशील डेटा शोधणारं टूल) वापरलं तर...

पारसिक_टनेल
मेसी फक्त काय सापडलं ते सांगतं. ऑब्जेक्टला टॅग लावायचं काम तुम्हीच लॅम्डा (अॅमेझॉनवर चालणारा छोटा प्रोग्राम) लिहून करायचं. इथे त्याचा काय संबंध?

घोडबंदर_जाम
पण डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षण) कायद्याने लेबल सक्तीचं आहे ना? दंड २५० कोटींपर्यंत आहे म्हणतात.

जेएनपीटी_रोड
२०२३च्या कायद्यात लेबल हा शब्द नाही. वाजवी सुरक्षा उपाय करा म्हटलंय, आणि २५० कोटी ही ते न केल्याची कमाल मर्यादा. 'संवेदनशील' असा वेगळा वर्गही त्यात नाही, तो २०११च्या आयटी नियमांत होता. त्यावर वेगळा धागा काढा.

ऐरोली_स्लो
टेस्टमध्ये मुख्य एक्सेल आली, ई-वे आलं नाही. 🙏🙏 पॉलिसी फक्त केवायसी फोल्डरवर लावता येईल का? बाकी साइटवर नको.

रबाळे_नोड
फोल्डरवर नाही, साइट निवडता येते. केवायसीची वेगळी साइट करून फायली हलवा, लोकेशनमध्ये 'सगळ्या'ऐवजी तीच निवडा. स्कॅनची अडचणही काहीशी सुटेल: त्या लायब्ररीला डिफॉल्ट लेबल द्या, आत काय आहे न बघता लागतं. मात्र ते नव्या किंवा एडिट केलेल्या फायलींनाच. आधीपासून पडून असलेल्यांना आपोआप लागत नाही.

दोन गोष्टी तपासा. 'गोपनीय'खाली उपलेबलं असतील तर मुख्य लेबल पॉलिसीत निवडता येत नाही, उपलेबल निवडा. आणि कोणी हाताने 'सार्वजनिक' लावून ठेवलेल्या फायली पॉलिसी बदलणार नाही, त्या शोधून हातानेच बदला.

पारसिक_टनेल
आणि सीएला केवायसी पाठवत असाल तर एन्क्रिप्शनच्या परवानगीत त्यांचं डोमेन आधीच घाला. सोमवारी ऑडिटरला फाइल उघडायची असेल तर त्यांचंही.

ऐरोली_स्लो
ऑडिटरचं डोमेन काय आहे ते विचारतो. सिम्युलेशन पुन्हा लावलंय, बारा तास म्हणतंय.