अकूस्टिकवर रॉक शिकायचंय: कोणती गाणी, कोणत्या क्रमानं?

महाल_सहा_तार
नमस्कार मंडळी. गिटार स्टीलच्या तारांची, साधी अकूस्टिक. ई मायनर, जी, सी, डी, ए मायनर येतात, पण एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना ताल तुटतो. एफ तर लागतच नाही. 'सोपी रॉक गाणी' म्हणून नेटवर ज्या याद्या मिळतात, त्यातल्या अर्ध्या गाण्यांत बार कॉर्ड (एकाच बोटानं बऱ्याच तारा दाबायचे) निघतात. क्लास नाही, घरीच शिकून राहिलो. कुठून सुरू करू? आणखी एक, काही गाणी ओरिजिनलसोबत वाजवली की बेसूर लागतात. ट्यूनर तर हिरवा दाखवते, मग असं काहून होते?

ई_मायनर_सेव्हन
भाऊ, गाणं किती गाजलंय ते बाजूला ठेवा. कॉर्ड बदलताना किती बोटं उचलावी लागतात ते पाहा आणि त्यावरून क्रम लावा.

पहिलं घ्या 'अ हॉर्स विथ नो नेम', अमेरिका या बँडचं. पूर्ण गाण्यात दोनच आकार आहेत. ई मायनरला मधलं बोट पाचव्या तारेवर आणि अनामिका चौथ्या तारेवर (पहिली तार सगळ्यात पातळ, सहावी सगळ्यात जाड), दोन्ही दुसऱ्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या दुसऱ्या आडव्या पट्टीला. दुसऱ्या कॉर्डसाठी फ्रेट तोच राहतो. मधलं बोट सहाव्या तारेवर जातं, अनामिका तिसऱ्या तारेवर, बाकी तारा मोकळ्या. म्हणजे दोन्ही बोटं फक्त एकेक तार बाहेर सरकतात. या कॉर्डचं नाव लांबलचक आहे, ते आत्ता पाठ करायची गरज नाही. चार मात्रा हा, चार मात्रा तो. यात डावा हात जवळपास मोकळा असतो, त्यामुळे सगळं लक्ष उजव्या हातावर ठेवता येतं. तुमचा ताल तुटतो तो बहुतेक तिथंच: डावं बोट जागेवर बसेपर्यंत उजवा हात थांबतो. त्याला थांबू द्यायचं नाही. कॉर्ड अर्धा लागला तरी चालेल, हात खाली-वर होत राहिला पाहिजे.

दुसरं 'नॉकिंग ऑन हेवन्स डोअर', बॉब डिलनचं, १९७३ सालचं. जी, डी, ए मायनर सेव्हन, मग जी, डी, सी. यात जी चार बोटांनी धरा: तर्जनी पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, मधलं बोट सहाव्या तारेवर तिसऱ्याला, अनामिका दुसऱ्या तारेवर तिसऱ्याला, करंगळी पहिल्या तारेवर तिसऱ्याला. आता डी घेताना अनामिका तिथंच राहते, बाकीची बोटं तिच्याभोवती फिरतात. सीच्या जागी सी ॲड नाइन घ्या: जीमधली तर्जनी आणि मधलं बोट एकेक तार खाली, पातळ तारेकडे, आणलं की झालं, अनामिका-करंगळी जागच्या जागी. पूर्ण गाण्यात अनामिका उठते ती फक्त ए मायनर सेव्हनला. हे एकदा हातात बसलं की गाणं सुटतंच.

स्ट्रमिंग, म्हणजे उजव्या हाताचे फटके: खाली, खाली-वर, वर-खाली-वर. तिसऱ्या मात्रेला हात खाली जातो, पण तारांना लागत नाही. त्या रिकाम्या फटक्यातच ठेका आहे. सगळे तिथंच घाई करतात.

मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) ६० वर ठेवा. जी ते डी हा एकच बदल मिनिटाला ३० वेळा स्वच्छ झाला की पुढं जा. तिसरं क्रॅनबेरीज बँडचं 'झोम्बी': ई मायनर, सी, जी, डी, शेवटपर्यंत हीच साखळी.

पाम_म्यूट_धरमपेठ
क्रम पटला, पण नुसते कॉर्ड घासून रॉकचा हात बसत नाही. सोबत रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) घ्या, पहिल्या आठवड्यापासून.

'सेव्हन नेशन आर्मी' फक्त पाचव्या तारेवर: ७, ७, १०, ७, ५, ३, २. शेवटचे दोन सूर दोन-दोन मात्रांचे आहेत. ते पूर्ण वाजू द्या, तिथंच रिफ पळतो.

'स्मोक ऑन द वॉटर' तिसऱ्या तारेवर: ०-३-५, ०-३-६-५, ०-३-५-३-०. हे जमलं की चौथी आणि तिसरी तार एकत्र, फ्रेट तेच. डीप पर्पलचा गिटारवादक रिची ब्लॅकमोर हा रिफ पिकनं (तारा छेडायच्या चकतीनं) न मारता दोन्ही तारा बोटांनी एकदम खेचतो, म्हणून आवाज असा ठाम येतो. एका तारेवरून दुसरीवर उतरणाऱ्या पिकला तो येत नाही. पुष्कळ जण हाच रिफ पॉवर कॉर्डनं (दोनच सुरांच्या जाड कॉर्डनं) वाजवतात आणि मग आवाज जाड का झाला म्हणून शोधत बसतात.

बेसूरचं कारण ट्यूनिंग. गन्स अँड रोझेसच्या 'हेवन्स डोअर'मध्ये गिटार अर्धा सूर खाली आहे, निर्वाणाच्या 'कम ॲज यू आर'मध्ये पूर्ण एक सूर. तुमचा ट्यूनर बरोबर आहे, फक्त रेकॉर्डिंग वेगळ्या उंचीवर आहे. गन्सवाल्यासोबत वाजवायचं तर सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा, नाहीतर सरळ डिलनचं मूळ लावा. कॅपो (मानेवर लावायचा चिमटा) इथं कामाचा नाही, तो सूर चढवतो.

महाल_सहा_तार
दोन्ही दादांचे आभार, अनामिका जागेवर ठेवायची गोष्ट लगेच लागू पडली. पण तारा बोटाला फार टोचतात, पहिल्या फ्रेटला जास्तच. आणि एफचं काय करू?

तार_लाकूड_नागपूर
पहिल्या फ्रेटला जास्त टोचतं म्हणजे नटच्या (मानेच्या टोकाला तारा बसतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ असाव्यात, तारा तिथं उंच राहतात. तपासणी सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहा. कागद जाईल एवढी फट बास. स्पष्ट मोठी दिसली तर खाचा खोल कराव्या लागतील. ते काम घरी कानसीनं करू नका. खाच जास्त गेली की मोकळी तार भणभणते आणि नटच बदलावा लागतो. बाराव्या फ्रेटलाही स्टीलच्या पट्टीनं मोजा: सहावी तार अडीच मिलिमीटरच्या आसपास, पहिली दोनच्या आत.

तारा बदलताना ०१० चा, म्हणजे पातळ तारांचा, सेट घ्या. बर्डीवरच्या दुकानात विचारलं नाही तर बरेचदा जाड, ०१२ चा हाती येतो. ताण कमी झाल्यावर भणभण आली तर ट्रस रॉड (मानेचा बाक सांभाळणारा आतला दांडा) पाव फेरा सैल करावा लागेल, त्याहून जास्त एका वेळी नको.

आपल्या हवामानाचंही बघा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आकसतं, वरची फळी बसते, तारा खाली येतात आणि फ्रेटवर खडखडतात. कूलर सुरू केला की उलट: ओलसर हवेनं फळी फुगते, तारा वर चढतात, गंजही लवकर धरतो. त्यामुळे गिटार कूलरच्या झोतात उभी ठेवू नका. वाजवून झालं की पुसून केसमध्ये. उन्हात उभ्या गाडीत तर अजिबात नाही, ब्रिजचा (फळीवर तारा अडकवायच्या पट्टीचा) गोंद सुटतो.

ई_मायनर_सेव्हन
एफबद्दल: सेटअप (तारांची उंची नीट करणं) होईपर्यंत बार कॉर्डचा नाद सोडा, उंच नटवर तो तज्ज्ञालाही जड जातो. तोवर एफ मेजर सेव्हन घ्या: चौथी तार तिसऱ्या फ्रेटला, तिसरी दुसऱ्याला, दुसरी पहिल्याला, पहिली मोकळी, वरच्या दोन जाड तारा वाजवायच्या नाहीत. सरावाला सीसीआरचं (क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल बँडचं) 'हॅव यू एव्हर सीन द रेन' घ्या. सुरुवातीला ए मायनर, एफ, सी, जी. सीवरून या एफवर येताना तर्जनी जागची हलत नाही, मधलं बोट आणि अनामिका एकेक तार खाली येतात, बस.