मदत हवी आहे: एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) सेंटर आतून बघायला मिळतंय, नेमकं काय बघू?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात एका एरिया कंट्रोल सेंटरला भेट द्यायची परवानगी मिळालीये, प्रचंड आनंद झालाय! टॉवर नाही बरं का, धावपट्टी दिसायचा प्रश्नच नाही, वरून जाणारी विमानं सांभाळतात ते सेंटर. ऑपरेशन्स रूममध्ये थोडाच वेळ थांबू देणार आहेत म्हणून तयारीनिशी जायचंय.

थोडंफार वाचलंय. आकाशाचे सेक्टर पाडलेले असतात, एका सेक्टरला बहुतेक ठिकाणी दोघं बसतात, एक पायलटशी बोलतो आणि दुसरा शेजारच्या सेक्टरशी ठरवतो की कुठलं विमान किती उंचीवर आत येणार. रडारवर दोन विमानांत साधारण ५ नॉटिकल मैल तरी ठेवायचे, नाहीतर वरखाली १००० फूट. स्क्रीनवर प्रत्येक विमानाच्या ठिपक्याशेजारी लेबल असतं, त्यात कॉलसाइन (रेडिओवर विमानाला हाक मारायचं नाव), वेग आणि उंची, ३५० दिसलं की ३५,००० फूट, शेजारचा बाण चढतंय की उतरतंय ते सांगतो. इथवर ठीक.

आता अडलंय ते सांगते. विमान सेक्टरच्या कडेला आलं की पायलटला पुढची फ्रिक्वेन्सी देऊन सोडतात, ते मला प्रत्यक्ष बघायचंय, पण पाहुण्याला स्क्रीनवर ते ओळखू येतं का? लेबलचा रंग बदलतो म्हणतात, पण रंग प्रत्येक सिस्टीमचे वेगळे. आणि जास्तीचा हेडसेट लावून ऐकू देतात का हो? नुसते ठिपके बघून अर्धंच कळणार, त्यात जिथे सीपीडीएलसी (कंट्रोलर आणि पायलटमधली टेक्स्ट मेसेजची सोय) आहे तिथे काही क्लिअरन्स, म्हणजे पायलटला दिलेल्या परवानग्या, टेक्स्टनेच जातात, म्हणजे ऐकायला आणखी कमी.

सगळ्यात जास्त उत्सुकता आहे ती खुर्ची बदलण्याची. नवा कंट्रोलर आधी मागे उभा राहून ट्रॅफिक बघतो, ऐकतो, सगळं चित्र डोक्यात बसलं की मगच ताबा घेतो. त्या वेळी एकमेकांना काय काय सांगतात, आणि आपण किती लांब उभं राहावं? काम चालू असताना त्यांचं लक्ष अजिबात विचलित करायचं नाहीये, त्यामुळे प्रश्न ब्रेकमधल्या कंट्रोलरलाच विचारेन, पण तसं कुणी भेटतं का की फक्त सोबतचा अधिकारीच बोलतो?

कुणी जाऊन आलं असेल किंवा स्वतः कंट्रोलर असेल तर प्लीज सविस्तर लिहा. मोबाइल बाहेर ठेवावा लागला तर वही-पेन तरी चालतं का तेही सांगा.