रात्री दोनला गोठणारा होस्ट: सी-६ कायमचं बंद करावं का?

सावदेकर

राम राम मंडळी.

सावद्याला केळीच्या एका व्यापाऱ्याकडे मी संगणकाचं काम बघतो. तिथे प्रॉक्समॉक्सचा एक होस्ट आहे, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक आभासी संगणक (व्हीएम) चालवणारं मशीन. प्रोसेसर एएमडीचा, पहिल्या पिढीचा रायझन, जळगावात असेंबल करून घेतलेला. त्यावर तीन व्हीएम आहेत: एकात बिलिंग, दुसऱ्यात गाड्यांची आवक-जावक, तिसऱ्यात केळी पिकवायच्या खोल्यांचं तापमान. गेल्या दीड महिन्यात हा होस्ट पाच वेळा गोठला, आणि पाचही वेळा रात्री एक ते चारच्या दरम्यान. दिवसा बिलिंगला सात माणसं बसलेली असताना एकदाही नाही.

गोठतो म्हणजे पंखे फिरत असतात, स्क्रीन काळी, पिंग नाही, नम लॉक दाबलं तर त्याचा दिवा हलत नाही. लॉगमध्ये शेवटची ओळ साध्या क्रॉन जॉबची (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम), आणि त्याखाली थेट सकाळी बटण दाबून चालू केल्याची. कर्नल पॅनिकचं, म्हणजे लिनक्सचा गाभा (कर्नल) कोसळल्याचं, नावही नाही.

रॅम बदलली. मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही चूक नाही. स्ट्रेस टेस्ट सहा तास चालवली, मशीन ठणठणीत. तिसऱ्या रात्री तिथेच खुर्चीत बसलो असताना लक्षात आलं की या दोन्ही चाचण्या प्रोसेसरला क्षणभर बसू देत नाहीत. निजल्यावर उठणारं दुखणं पळवून कसं सापडणार?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काम नसलं की प्रोसेसरचा कोअर विश्रांतीच्या पायऱ्या उतरतो, त्यांना सी-स्टेट म्हणतात. सी-० म्हणजे काम चालू. सी-१ म्हणजे थांबलेला, पण हाकेसरशी उठणारा. सी-६ मध्ये कोअरची अवस्था बाजूला साठवून त्याची वीजच तोडली जाते. उठवायचं तर वीज द्या, अवस्था परत भरा, मग काम. या उठण्यात कुठेही अडखळलं की कोअर परत येत नाही, आणि त्याची वाट बघत बाकीचेही अडकतात.

माझं मत स्पष्ट आहे. हायपरवायझर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) असलेल्या होस्टवर सी-६ पहिल्या दिवसापासून बंद असावं. लॅपटॉपवर बॅटरी वाचवायची असते, इथे तीन व्हीएम एका माळेत ओवलेल्या आहेत. त्यांतल्या एका रात्री तापमानाची नोंद तीन तास बंद होती. खोलीतला माल बिघडला नाही हे नशीब.

पांझराकाठ

सावदेकर दादा, नाडी बरोबर पकडली तुम्ही, पण औषध सगळ्या गावाला एकच देताय.

सी-६ बंद केलं की टर्बो मार खातो. बरेच कोअर झोपलेले असले तरच उरलेल्या एक-दोघांना वरची घड्याळगती मिळते. बिलिंगचं सॉफ्टवेअर बहुतेक एकाच कोअरवर चालतं, म्हणजे फटका नेमका तिथेच बसणार. दुसरं उष्णतेचं. माझ्या धुळ्याच्या होस्टला वॉटमीटर लावून पाहिलं: रिकामा असताना ४८ वॉट, सी-६ बंद केल्यावर ६०. बारा वॉट चोवीस तास म्हणजे वर्षाला १०५ युनिट. बिलाचं सोडा, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ला जातो आणि बहुतेकांचं सर्व्हर रूम म्हणजे पत्र्याखालची पार्टिशनची खोली. वीज गेली की यूपीएसही तेवढा लवकर बसतो. रात्रीचा क्रॅश टाळायला दुपारचा विकत घेऊ नका.

गिरणाथडी

सी-स्टेट वगैरे नंतर बघा, आधी वीज बघा. रात्री शेतीपंप एकदम बंद झाले की आमच्या फीडरवर व्होल्टेज उसळी मारतं. माझ्या यूपीएसच्या नोंदीत रात्री अडीचला २५८ व्होल्ट आहे. रात्रीच मरतो म्हणजे प्रोसेसर झोपेतच मरतो, हे कशावरून ठरवलं?

सावदेकर

रास्त शंका आहे, गिरणाथडी भाऊ. पण त्याच यूपीएसवर राउटर, स्विच आणि कॅमेऱ्यांचा डीव्हीआर आहे. पाच रात्रींत त्यांतलं एकही पडलं नाही. आणि नागपंचमीला दिवसभर ऑफिस बंद होतं, तेव्हा हाच होस्ट भर दुपारी गोठला. तो सहावा. वरच्या पाचांत धरला नव्हता, कारण तेव्हा वाटलं होतं कुणी प्लग हलवला असेल. सुट्टीची दुपार आणि रात्रीचे दोन यांच्यात सारखं काय, तर फक्त रिकामपण.

भुसावळचे आबा

सावदेकर, तुमच्या बाजूने एक जुनी गोष्ट सांगतो आणि तुमच्याच विरुद्ध वापरतो.

विंडोज सर्व्हर २००८ आर-२ नवा होता, त्या वेळी इंटेलच्या झिऑन ५५०० मालिकेवर हायपर-व्ही (मायक्रोसॉफ्टचा हायपरवायझर) टाकलं की होस्ट मध्येच निळी स्क्रीन दाखवायचा. कोड १०१, क्लॉक वॉचडॉग टाइमआउट. म्हणजे एखाद्या कोअरने घड्याळाच्या इंटरप्टला (लक्ष वेधणाऱ्या इशाऱ्याला) ठरल्या वेळेत ओ दिली नाही. दोष प्रोसेसरच्या इरॅटातला, म्हणजे कंपनीने मान्य केलेल्या दोषांच्या यादीतला होता: खोल सी-स्टेटच्या वेळी भलताच इंटरप्ट यायचा. त्याच पिढीवर झेनसर्व्हर या दुसऱ्या हायपरवायझरचे होस्टही गोठत. सगळ्यांनी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये) सी-स्टेट बंद केले आणि चाललं.

पुढे मायक्रोसॉफ्टने हॉटफिक्स, म्हणजे तातडीची दुरुस्ती दिली. तरी मी पाच-सात वर्षांनी एका पतपेढीत गेलो, तर सर्व्हर दोनदा बदललेला, प्रोसेसर वेगळा, हायपरवायझर वेगळा, आणि सी-स्टेट अजून बंद. का, ते तिथल्या कुणालाच माहीत नाही. हे मला खुपतं. बंद करा, पण कशासाठी केलं आणि कोणत्या फर्मवेअरपर्यंत ठेवायचं, ते होस्टच्या पत्र्यावर चिकटवून ठेवा.

सावदेकर

आबा, चिठ्ठीचं मान्य. पण हा जुन्या पिढीपुरता दोष म्हणून सोडून देता येत नाही. एएमडीच्या एपिक ७००२ मालिकेला इरॅटा १४७४ आहे, २०२३ साली चर्चेत आला. शेवटच्या रीसेटपासून साधारण १०४४ दिवस झाले की कोअर सीसी-६ (कोअरपातळीचं सी-६) मधून बाहेरच येत नाही. हे डेटा सेंटरचे प्रोसेसर आहेत. एएमडीने दोनच उपाय सांगितले: तेवढे दिवस भरायच्या आत रीबूट करा, नाहीतर सीसी-६ बंद ठेवा.

पांझराकाठ

१०४४ दिवस म्हणजे जवळजवळ दोन वर्षं दहा महिने. एवढा काळ जो होस्ट रीबूट केला नाही, त्यावर कर्नलचे सुरक्षा पॅच बसलेच नाहीत. तिथे सी-६ ही शेवटची काळजी.

चोपडा_आयटी

दादा, मन्हं बी आसंच व्हयेल शे. मी व्हीएमच्या आतच मॅक्स सी-स्टेट १ (सी-१ पेक्षा खोल जाऊ नको, अशी मर्यादा) टाकलं, तरी होस्ट गोठला. मग सी-स्टेटचा संबंध नाही ना?

पांझराकाठ

व्हीएमच्या आत टाकून उपयोग नाही, भाऊ. गेस्ट, म्हणजे व्हीएम, रिकामा झाला की तो हॉल्ट म्हणतो आणि ताबा होस्टकडे येतो. किती खोल झोपायचं हे तिथून पुढे होस्टचं कर्नल ठरवतं. पॅरामीटर होस्टच्या बूट ओळीत हवा.

आणि 'बायोसमध्ये बंद केलं तरी क्रॅश झाला, म्हणजे सी-स्टेट निर्दोष' असं म्हणणाऱ्यांनाही सांगतो. मी स्वतः यात दोन आठवडे घालवले. इंटेलवर लिनक्सचा इंटेल-आयडल ड्रायव्हर स्वतःचा तक्ता बाळगतो. बायोसने लपवलेली अवस्थाही तो अनेकदा वापरतो. टर्बोस्टॅट (कोअर कोणत्या अवस्थेत किती वेळ होता ते दाखवणारं साधन) लावून सी-६ चा रकाना बघा. माझ्या झिऑनवर बायोस 'डिसेबल्ड' म्हणत होता आणि रकान्यात ९१ टक्के दिसत होते. दुसरी खोच अशी की प्रोसेसर मॉड्यूलचा मॅक्स सी-स्टेट तिथे लागूच होत नाही, इंटेल-आयडलचा वेगळा द्यावा लागतो. रकाना शून्यावर आल्याशिवाय चाचणी झाली असं समजू नका.

अमळनेरकर

सावदेकर दादा आणि गिरणाथडी भाऊ, तुमचं भांडण एकाच ठिकाणी येऊन मिळतं.

कोअर सी-६ ला गेले की १२ व्होल्टच्या लाइनवरचा प्रवाह खूप खाली येतो. जुन्या किंवा स्वस्त पॉवर सप्लायला एवढा कमी भार झेपत नाही. २०१३ साली इंटेलचा हॅस्वेल आला तेव्हा हीच चर्चा होती, ०.०५ अँपिअरपर्यंतचा भार सांभाळणारा सप्लाय हवा म्हणून. पहिल्या रायझनच्या वेळी मदरबोर्डांच्या बायोसमध्ये 'पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल' असा पर्याय आला. तो ऑटोवरून 'टिपिकल करंट आयडल'वर टाका. पूर्ण सी-६ मारावं लागणार नाही. तुमच्या असेंबल केलेल्या डब्यात सप्लाय कोणता आहे?

आणखी एक. एएमडीवर लिनक्सला पोल (न झोपता वाट बघणं), सी-१ आणि सी-२ एवढंच दिसतं. खरं सी-६ त्या सी-२ च्या आत आहे. 'माझ्याकडे सी-६ नाहीच' असं वाटून फसू नका.

सावदेकर

ताई, झाकण उघडून पाहिलं. सप्लायवर ४५० वॉट छापलंय, कंपनीचं नाव मी कधी ऐकलेलं नाही, आणि हातात घेतला तर पावशेराच्या डब्याइतका हलका. तुम्ही सांगितलेला पर्याय बोर्डवर होता. जुन्या बायोसमध्ये नव्हता, अपडेट केल्यावर दिसला.

टाकून आज तेवीस रात्री झाल्या. एकदाही गोठला नाही. आधी सरासरी आठ-नऊ दिवसांनी गोठायचा, त्यामुळे तेवीस रात्री कमी नाहीत, पण पुऱ्याही नाहीत.

गिरणाथडी

मग सप्लायच निघाला ना! सी-६ ला उगाच बदनाम केलंत.

सावदेकर

अजून निघाला नाही, भाऊ. बायोसही त्याच दिवशी बदललं, त्यात नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) असणारच. दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या, ही माझी चूक.

पांझराकाठ, 'सगळीकडे बंद' हे माझं म्हणणं मी मागे घेतो. पण ज्याचे क्रॅश रिकाम्या वेळी येतात, त्याने रॅम विकत घ्यायच्या आधी सी-६ ची चाचणी करावी, यावर मी ठाम आहे. मी रॅमवर घातलेल्या पैशात चांगला सप्लाय आला असता.

जळगावच्या मित्राकडून एक चांगला सप्लाय महिनाभरासाठी मागून आणलाय. शुक्रवारी गाड्या निघाल्या की तो बसवतो आणि पर्याय परत ऑटोवर टाकतो. तापमानाची नोंद तोवर दुसऱ्या मशीनवर हलवली आहे. नेटकन्सोलचा (कर्नलचे संदेश नेटवर्कवरून पाठवणारी सोय) लॉगही त्याच मशीनवर येईल, म्हणजे या वेळी गोठला तर निदान शेवटची ओळ तरी हाती लागेल. पत्र्यावर चिठ्ठी चिकटवली आहे, आबा. तारीख, बायोसची आवृत्ती आणि कारण, तिन्ही लिहिलंय.