तोफेच्या नळीला सेन्सर हवा की नोंदवही पुरे?

मापाडी: २०२२ मध्ये युक्रेनच्या तोफा इतक्या धडाधड चालल्या की नळ्या झिजून तोफा दुरुस्तीला पोलंड, स्लोव्हाकियात न्याव्या लागल्या. तरी नळीचं उरलेलं आयुष्य अजून बऱ्याच ठिकाणी वहीवरून ठरतं. चार्ज म्हणजे गोळा ढकलणारी दारू; पूर्ण चार्जला एक, कमी चार्जला त्याचा अंश, अशी ईएफसीची (इफेक्टिव्ह फुल चार्ज, म्हणजे पूर्ण चार्जच्या हिशेबात झाडलेले गोळे) बेरीज. भर लढाईत रात्री तीनला हे अपूर्णांक कोण लिहीत बसणार? दर नळीवर धक्का आणि तापमान टिपणारा सेन्सर सक्तीचा करा.

गोलंदाज: साहेब, कुकरच्या शिट्ट्या मोजून रबर बदलता का? बाजूने वाफ यायला लागली की कळतंच. चौदा वर्षं तोफेवर काढली, म्हणून सांगतो. नळी सगळीकडे सारखी झिजत नाही. चेंबरच्या, म्हणजे दारू पेटते त्या कप्प्याच्या पुढे, जिथे गोळ्याला फिरकी देणारे रायफलिंगचे आटे सुरू होतात, तिथे सगळ्यात जास्त खाल्ली जाते. ती जागा सैल झाली की गॅस निसटतो आणि गोळ्याचा वेग पडतो. नव्या तोफांवरचा रडार तो वेग दर गोळ्याला मोजतोच की! शंका आली तर बोअर गेज, म्हणजे नळीचा आतला व्यास मोजणारं साधन घाला. सेन्सर अंदाज सांगतो, गेज माप सांगतं. शिवाय थंड नळीतले पन्नास गोळे आणि लालबुंद नळीतले पन्नास, यांत जमीन-अस्मानाचा फरक.

शंकासूर: १९१८ मध्ये जर्मनांनी पॅरिसवर मारा केला त्या तोफेचे गोळे क्रमांक घातलेले होते. दर गोळा आधीच्यापेक्षा किंचित जाड, कारण नळी तेवढी झिजलेली असणार हे धरलेलंच. कसला सेन्सर न् काय! (तोफ परवडणारी नव्हती, हा भाग वेगळा.)

मापाडी: गोलंदाज, तापलेल्या नळीचा मुद्दा माझ्याच पारड्यात पडतो. वहीत तापमानाचा रकाना असतो का? आणि कुकरचंच बोलायचं तर रबर गेलं की वाफ दिसते, पण भांड्यालाच आतून तडा गेला तर? १५५ मिमी तोफेत पूर्ण चार्जला तीन हजार बारच्या वर दाब येतो. दर गोळ्यागणिक पोलाद थकतं. ते रडारला दिसत नाही, कारण वेग ठणठणीतच असतो. म्हणून तर झीज आणि थकवा अशी दोन आयुष्यं वेगळी धरतात. दुसऱ्यासाठी खरी मोजणीच लागते.

गोलंदाज: थकव्याचं मान्य, तिथे मी घाई केली. पण वीस वर्षं वापरलेल्या नळीवर आज सेन्सर लावलात तर मीटर शून्यापासून धावणार का? मागचा आकडा त्याच वहीतून घेणार ना, जिच्यावर तुमचा विश्वास नाही? नव्या नळ्यांना खुशाल लावा.

मापाडी: जुनीला आधी बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायची दुर्बीण) आणि अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी तडे शोधणारी) तपासणी, मग सेन्सर.

गोलंदाज: म्हणजे आत डोकवायचंच. आणि ती तपासणी तोफेच्या जागेवर होणार की नळी उतरवून वर्कशॉपला पाठवायची, ते आधी सांगा. तेवढे दिवस बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, एका तोफेने कमी.