फुकट्या प्रवाशाला टोकावं की गप्प बसावं? मदत हवी आहे

रानजाई:

नमस्कार मंडळी. बसमध्ये किंवा मेट्रोत कोणी धडधडीत तिकीट न काढता चढलेलं दिसलं, तर शेजारी उभ्या असलेल्या साध्या प्रवाशाने त्याला टोकावं का? टोकायचं तर कोणत्या शब्दांत? आणि टोकायचं नसेल तर का नाही, हे कोणीतरी मला नीट पटवून द्या. बरेच दिवस हा विषय डोक्यातून जात नाहीये.

माझा रोजचा प्रवास मेट्रो आणि पुढे बस असा आहे. बसला कंडक्टर नाही. दाराजवळच्या मशीनला कार्ड टेकवायचं आणि आत सरकायचं. चालकाचं लक्ष रस्त्यावर आणि तपासनीस कधीतरीच चढणार, त्यामुळे सगळी भिस्त माणसाच्या सचोटीवर. काही जण मशीनकडे बघतसुद्धा नाहीत. काही जण कार्ड हातात धरून मशीनच्या वीतभर अलीकडून फिरवतात आणि पुढे जातात. पुढच्या थांब्यावर तपासनीस उभे दिसले रे दिसले, की मागच्या सीटवरून माणसं उठतात आणि मशीन एकामागोमाग टुंग टुंग वाजायला लागतं. इतका वेळ कोण कोण फुकट बसलं होतं ते तेव्हा सगळ्या बसला कळतं. बोलत मात्र कोणीच नाही.

मेट्रोत त्याहून वाईट. मी कार्ड टेकवते, काचेची दारं उघडतात, आणि त्याच क्षणी कोणीतरी मागून अगदी चिकटून येतं. पाठीवरच्या बॅगेला धक्का लागतो, मानेजवळ श्वास जाणवतो, आणि दारं मिटायच्या आत तोही माझ्यासोबत पलीकडे. भाडं एकाचं आणि आत दोघं. बाई म्हणून मला हे नुसतं भाडं बुडवणं वाटत नाही, अंगाशी येणं वाटतं. परवा मी वळून म्हटलं, "अहो, तुमचं कार्ड?" त्यावर तो थंडपणे म्हणाला, "तुमच्या खिशातून गेले का?" आजूबाजूच्या सगळ्यांनी मोबाइलमध्ये माना घातल्या.

खिशातून गेले का, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. बहुतेक शहरांत नुसत्या भाड्यातून गाड्या चालवण्याचा सगळा खर्च निघत नाही, उरलेला कराच्या पैशातून भागवावा लागतो. म्हणजे त्याने बुडवलेलं भाडं एक तर करातून भरून निघतं, नाहीतर पुढच्या भाडेवाढीतून, नाहीतर गाडीच्या फेऱ्या कमी होऊन. तिन्ही वाटा माझ्याच दाराशी येतात. पण दारात उभं राहून, मागे रांग खोळंबलेली असताना, हे त्याला सांगणार कसं?

मला पोलीस व्हायचं नाही. पण बघून न बघितल्यासारखं करणंही जमत नाहीये. जाणकारांनी आणि विशेषतः या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी मार्गदर्शन करावं.

काठावरचा:

टोकू नका. समोरचा कोण आहे, नशेत आहे का, त्याच्याजवळ काय आहे, यातलं काहीही तुम्हाला माहीत नसतं. १५ सप्टेंबर २०२४ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या सटर अव्हेन्यू स्थानकावर पोलीस एका विनातिकीट माणसाच्या मागे गेले. त्याच्याकडे चाकू निघाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, आणि त्या माणसासोबत एक पोलीस आणि दोन प्रवासीही जखमी झाले. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या हातून, २.९० डॉलरच्या भाड्यापासून सुरू झालेलं प्रकरण इतकं हाताबाहेर जातं. तुमच्या हातात तर काहीच नाही.

शुभ्रा:

काठावरचा, धोका आहे हे मान्य. पण "कोणीच बोलू नका" याचीही किंमत असते. २००२ मध्ये अर्न्स्ट फेर आणि सायमन गेश्टर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार-चार जणांचे गट, प्रत्येकाला २० नाणी, आणि सामायिक गल्ल्यात किती टाकायची ते ज्याचं त्याने ठरवायचं. गल्ल्यातला लाभ सगळ्यांना सारखा, काहीच न टाकणाऱ्यालासुद्धा. नुसतं असं सोडून दिलं तेव्हा फेरीगणिक लोक हात आखडता घेत गेले. पदरची नाणी खर्चून दुसऱ्याला दंड करायची मुभा दिल्यावर मात्र लोकांनी ती वापरली, पुढच्या फेरीत तो माणूस आपल्या गटात नसणार हे माहीत असूनही. आणि गल्ला भरायला लागला. तेव्हा रानजाई, तुमचा संताप वेडेपणा नाही. सगळ्यांचं मिळून असलेलं काहीही अशाच संतापावर टिकतं.

आता याचीच दुसरी बाजू. २००८ मध्ये निकोस निकिफोराकिस यांनी त्याच खेळात दंड झालेल्यालाही उलट दंड करायची मुभा दिली. लगेच दंड करणारे मागे सरले आणि गल्ला पुन्हा रोडावला. बस आणि मेट्रोत आपली नेमकी हीच स्थिती असते: टोकलेला माणूस उलटून येऊ शकतो आणि आपल्या मागे कोणी उभं नसतं. म्हणून मला वाटतं, टोकण्याचं काम अशाच्या हाती हवं ज्याच्यावर सहजासहजी उलटता येत नाही. एकट्या प्रवाशाने ते अंगावर घेऊ नये.

मधलं_दार:

मी बस चालवतो, म्हणून लिहितोय. आम्हाला शिकवलेलं असं आहे की भाडं किती ते एकदा सांगायचं, दुसऱ्यांदा नाही, आणि गाडी पुढे काढायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चालकाला काही पडलेली नाही. तसं नाही हो. चालकांवरच्या हल्ल्यांची सुरुवात बरेचदा भाड्याच्या वादातून होते. जुलै २०२० मध्ये फ्रान्समधल्या बायोन शहरात एका बसचालकाने काही जणांना मास्क आणि तिकिटाबद्दल विचारलं. त्यांनी त्याला इतकं मारलं की पाच दिवसांनी तो गेला. त्या बातमीनंतर घरच्यांनी मला किती वेळा बजावलं असेल ते विचारू नका.

आता प्रवासी जेव्हा प्रवाशाला टोकतो तेव्हा केबिनमधून काय दिसतं ते सांगतो. आधी आवाज चढतो. मग तिसरा कोणीतरी मध्ये पडतो, आणि तो नेहमी टोकणाऱ्याच्याच बाजूने असतो असं नाही. आरशात मला फक्त डोकी दिसतात, कोणाचा हात कुठे आहे ते दिसत नाही. गाडी बाजूला घ्यावी लागते, नियंत्रण कक्षाला कळवावं लागतं, ऐंशी माणसं खोळंबतात, आणि दहा मिनिटांनी ज्याने तिकीट काढलं नव्हतं तो दार उघडल्यावर उतरून चालता होतो. टोकणारा मात्र आतच राहतो, लोकांच्या नजरा झेलत.

तुम्हाला खरंच काही करायचं असेल तर तक्रार करा, पण माणसाची नको, जागेची करा. कोणता मार्ग, किती वाजता, कोणत्या थांब्यावर, कोणत्या दाराने. "सकाळी साडेआठच्या सुमारास अमुक थांब्यावर मागच्या दाराने बरेच जण कार्ड न टेकवता चढतात" अशी तक्रार आली, तर तपासनीस कुठे पाठवायचे ते ठरवायला तिचा उपयोग होतो. "निळ्या शर्टातला उंच माणूस" याचा काहीच उपयोग होत नाही. आणि मशीन बंद असेल तर तेही कळवा. आमच्याकडे एका गाडीचं मागचं मशीन बंद होतं, तेव्हा त्या दाराने चढणारा प्रत्येक माणूस बघणाऱ्याच्या हिशेबी चोर ठरत होता.

घुंगुरवाळा:

मधलं_दार यांचा शेवटचा मुद्दा मी स्वतः भोगलाय. माझा मासिक पास आहे. आमच्या इथे पासवाल्याने प्रत्येक वेळी कार्ड टेकवायची गरज नाही, तपासनिसाने मागितला की दाखवायचा. एकदा एका गृहस्थांनी भर बसमध्ये मला "शिकलेली माणसंच असं करतात" असं सुनावलं. मी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कुबडी घेऊन प्रवास करत होते. एका हाताने खांब धरून दुसऱ्या हाताने पर्स उघडायची, त्यातून पास काढायचा, तो पडला, तो एका मुलीने उचलून दिला. पास बघून ते गृहस्थ "बरं बरं" म्हणून खिडकीबाहेर बघायला लागले. साधं "चुकलं" हा शब्दही नाही.

मोबाइलवर तिकीट असतं, आधीच्या गाडीचं तिकीट पुढच्या गाडीत चालतं, कोणाला सवलत असते, कोणी तिथला कर्मचारी असतो. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. तेव्हा बसमध्ये कोणी मशीनला हात लावला नाही एवढ्यावरून कृपा करून कोणाला काही बोलू नका.

दुपारची_गाडी:

मला एक वेगळा प्रश्न विचारायचाय. ज्याच्याकडे खरंच पैसे नाहीत त्याचं काय? जर्मनीत विनातिकीट प्रवास हा फौजदारी कायद्याच्या २६५अ कलमाखाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि दंड भरता न आल्यामुळे माणसं प्रत्यक्ष तुरुंगात जातात. चिलीत ऑक्टोबर २०१९ मध्ये सांतियागो मेट्रोचं गर्दीच्या वेळचं भाडं ८०० वरून ८३० पेसो झालं, तेव्हा विद्यार्थ्यांनी झुंडीने गेटवरून उड्या मारल्या आणि त्यातून सगळा देश ढवळून निघाला. त्यांना कोणी फुकटे म्हणेल का? उलट लक्झेंबर्गने २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभरातल्या बस, ट्राम आणि रेल्वेचा दुसरा वर्ग सगळ्यांना मोफतच करून टाकला. तिथे हा धागाच निघाला नसता.

रानजाई:

सगळ्यांचे मनापासून आभार.

घुंगुरवाळा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. बसमध्ये मशीन न वाजवणारा प्रत्येक जण मी मनात फुकट्यांत धरत होते, ते आता थांबवते.

दुपारची_गाडी, तुमच्याशी अर्धी सहमत आहे. भाडं परवडत नसलेल्याला तुरुंगात घालणं मला क्रूर वाटतं, आणि मोफत प्रवासाची मागणी कोणी केली तर मी तिच्यावर सही करीन. पण लक्झेंबर्गने ते सगळ्यांसाठी ठरवलं, आणि पैसे कुठून येणार तेही ठरवलं. माझ्या पाठीला चिकटून आत येणाऱ्याने फक्त स्वतःपुरतं ठरवलंय. आणि त्याच्या हातातला फोन माझ्यापेक्षा महाग होता.

बसचा प्रश्न माझ्यापुरता सुटला: बोलायचं नाही, जागा आणि वेळ कळवायची. पण मेट्रोच्या दाराचं काय? तिथे पास, सवलत वगैरे संशयाला जागाच नाही. तिथे माझ्याच कार्डावर आणि मला ढकलून कोणी आत येतंय. त्याचा व्हिडिओ काढून टाकावा का, असंही एकदा मनात आलं.

शुभ्रा:

व्हिडिओ नको. मे २०२५ मध्ये ब्रिटनमधले खासदार रॉबर्ट जेनरिक कॅमेरा घेऊन लंडनच्या स्ट्रॅटफर्ड स्थानकावर गेले आणि फुकट जाणाऱ्यांना गाठून जाब विचारत फिरले. चित्रफीत खूप पसरली, त्यांचं कौतुकही झालं. पण त्यातल्या एकाशी बोलणं चाकूच्या गोष्टीपर्यंत गेलं, आणि चित्रीकरणाची परवानगी घेतली नव्हती असं तिथल्या वाहतूक यंत्रणेने सांगितलं. ते खासदार होते, त्यांच्यासोबत माणसं होती. तुम्ही एकट्या असाल आणि दुसऱ्या दिवशी त्याच स्थानकावर, त्याच वेळेला पुन्हा जाणार असाल.

दारापाशी मी काय करते ते सांगते. कार्ड टेकवायच्या आधी एकदा मागे बघते. कोणी अंगाशी येऊन थांबलेलं वाटलं की कार्ड बाहेर न काढता बाजूला सरकते आणि हात पुढे करून म्हणते, "तुम्ही जा आधी." आवाज सगळ्यांना ऐकू जाईल इतका, पण चिडका नाही. कार्ड असलेला माणूस पुढे जातो. नसलेला दुसऱ्या दाराकडे वळतो किंवा चुळबुळ करत उभा राहतो. मी कोणावर आरोप केलेला नसतो, त्यामुळे वादाला निमित्त मिळत नाही. तरीही कोणी ढकलून आलंच, तर "मागे व्हा, धक्का लागतोय" एवढंच. तिकिटाचा विषय काढायचाच नाही, धक्क्याचा काढायचा. धक्क्यावर आजूबाजूची माणसं बोलतात, तिकिटावर बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे. आणि पलीकडे कर्मचारी दिसला तर थेट त्याच्याकडे जाऊन सांगायचं.

काठावरचा:

हे मात्र पटलं. यात धोका त्यातल्या त्यात कमी.

रानजाई:

शुभ्रा, आज संध्याकाळी करून बघितलं. मी बाजूला झाले, तो एक क्षण थांबला आणि रांगेतून निघून गेला. मला हेच हवं होतं.

आता एकच शंका उरली, मधलं_दार यांच्यासाठी. बसमध्ये तपासनीस चढल्यावर कोणी घाईने कार्ड टेकवलं आणि "आत्ताच चढलो" म्हणाला, आणि तपासनिसाने मला विचारलं की हे खरं का, तर काय करायचं? खोटं बोलायला जीभ वळत नाही, आणि तो माणूस तर माझ्याच थांब्यावर उतरतो.

मधलं_दार:

नियमाने तुम्हाला विचारायची वेळ येऊ नये. कार्ड कोणत्या वेळी टेकवलं गेलं ते तपासनिसाच्या यंत्रात दिसतं, बहुतेक ठिकाणी थांबाही दिसतो. तरी विचारलंच, तर तुम्ही पाहिलं असेल तेवढंच सांगा, "हे अमुक थांब्यापासून बसमध्ये आहेत." तिकीट काढलं की नाही, त्यात पडू नका, ते तुमचं काम नाही. आणि त्याच्यासोबत उतरायची भीती वाटत असेल तर "मला यात बोलायचं नाही" असं सरळ म्हणा. तसं म्हणायचा हक्क तुम्हाला आहे, आणि चांगला तपासनीस दुसऱ्यांदा विचारणार नाही.