मदत हवी आहे: छापखान्याच्या जुन्या केस (कप्प्यांचे लाकडी ट्रे) भिंतीला लावायच्यात, काडेपेट्या आणि नाणी ठेवायला (सांगली)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे पण वाचा आणि माहिती असेल त्यांनी प्लीज सांगा.

गेल्या रविवारी शंभर फुटी रोडला एका भंगारवाल्याकडे किचनसाठी लोखंडी अँगलचा रॅक बघायला गेले होते (सेकंडहँड, साडेनऊशेला मिळाला, झकास आहे) तर मागं गोणपाटाखाली लाकडी ट्रे दिसले, छोट्या छोट्या कप्प्यांचे. विचारलं तर म्हणाला छापखान्याच्या केस आहेत, खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) ठेवायच्या, खिळे कधीच वितळवायला गेले आणि हे आता जळणात जाणार. जळणात! मी चौदाशेला चारीच्या चारी उचलून आणल्या. लाकूड बहुतेक सागवान, कडा हात लागून लागून गुळगुळीत झाल्यात, आणि काही कप्प्यांवर अजून अक्षरांच्या कागदी चिठ्ठ्या आहेत, एकावर क्ष, एकावर नुसता काना. एवढ्या पैशात नवीन एमडीएफचं धड शेल्फ येत नाही ओ.

आता ह्यात ठेवायचंय काय, तर बाबांचा खजिना. बाबांना काडेपेटीच्या छापांचा आणि जुन्या नाण्यांचा भारी नाद. एसटीनं कुठंही गेले तरी टपरीवर उतरून आधी काडेपेटी बघणार, वेगळा छाप दिसला की घेणार, घरात कधी काड्या विकत आणायला लागल्या नाहीत. शिवकाशीच्या पेट्यांवर काय काय चित्रं असायची, वाघ, मोर, कमळ, घड्याळ, किल्ली. हे सगळं ते पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचे, आणि आम्ही पोरांनी हात लावला की ओरडा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमचं गावभागातलं घर माडीच्या तिसऱ्या पायरीपर्यंत बुडालं. ट्रंक खालीच राहिली. पाणी उतरल्यावर उघडली तर अल्बमचा सगळा लगदा, एक पान सुटं झालं नाही. बाबा काही बोलले नाहीत, नाणी तेवढी बादलीत काढून धुवत बसले. छापांपैकी वाचल्या त्या साठेक पेट्या, कारण लेकीच्या शाळेतल्या प्रदर्शनासाठी मी त्या विश्रामबागला माझ्या घरी आणल्या होत्या. बाबा आता नाहीत. म्हणून मला ह्या वस्तू परत ट्रंकेत नाही घालायच्या, रोज येता जाता दिसल्या पाहिजेत.

नाण्यांत १९५७ नंतरचे नये पैसे आहेत, तीन पैशाचं षटकोनी, कमळाचं पितळी वीस पैसे, गेंड्याची पावली (पंचवीस पैसे). ॲल्युमिनियमचा एक पैसा तर एवढा हलका की लेकीला वाटीतल्या पाण्यावर अलगद ठेवून तरंगवून दाखवला, ती दिवसभर तेच करत होती.

तर अडचण अशी की केसच्या कप्प्यांत काळपट भुकटी आहे, ती शिशाची असेल का आणि घरात पोरगी आहे तर धोका आहे का? दुसरं म्हणजे आम्ही भाड्यानं राहतो, मालक भिंतीला जास्त भोकं पाडू देत नाहीत आणि त्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते. शेजारच्या काकू म्हणतात नाणी चिंच लावून लख्ख घास. घासू का? आणि पुढून काच लावायची तर सुताराचा खर्च केसपेक्षा जास्त सांगतायत.

प्रतिसाद, मिरजेहून:
ताई, मी बावीस वर्षं कंपोझिंग (खिळे जुळवायचं काम) केलंय, केस बघून बरं वाटलं. खिळे शिसं, अँटिमनी आणि कथिल मिळून ओतलेले असतात, तेव्हा भुकटीत शिसं आहे असंच धरून चाला. आम्ही साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावत नव्हतो. कोरडा ब्रश मारू नका, फुंकू नका, आणि सँडपेपर तर अजिबात नको. पोरीला लांब ठेवा, मास्क लावा, टेरेसवर नेऊन साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं कप्पा कप्पा पुसा, फडकी टाकून द्या. चार पाच वेळा पुसा. चांगलं वाळलं की क्लिअर वॉर्निशचे दोन हात द्या म्हणजे राहिलेलं खाली दबून बसेल, आणि वास पूर्ण जाईपर्यंत, महिनाभर तरी, आत काही ठेवू नका. चिठ्ठ्यांवरून पण वॉर्निश फिरवा, काढू नका, माझी विनंती समजा.
नाणी घासू नका. चिंचेनं वरचा थर जातो, मग त्या नाण्याला संग्राहक विचारत नाही. ॲल्युमिनियम तर खराबच होतं. साध्या पाण्यात भिजवून टिपून घ्या. आणि पीव्हीसीच्या मऊ पाकिटात असतील तर आजच काढा, त्यानं हिरवा चिकटा धरतो.
ओलीच्या भिंतीला केस टेकवू नका. तुमच्याकडं अँगलचा रॅक आहेच, तसलाच अजून एक घ्या, त्यावर केस तिरक्या उभ्या करा, भोकाची गरजच नाही. काचेऐवजी दुकानांचे बोर्ड बनवणाऱ्याकडं ॲक्रिलिकचे उरलेले तुकडे मिळतात.

धागाकर्ती:
काका, फार फार आभार, चिंच भिजत घातली होती ती आत्ता आमटीत घातली. रॅकचं डोक्यातच आलं नव्हतं. पेट्यांना कसर लागू नये म्हणून काय करू तेवढं सांगा, उन्हात ठेवले तर रंग उडतील ना? आणि अजून एक, 'काना' लिहिलेला कप्पा बाकीच्यांपेक्षा एवढा मोठा का आहे?

प्रतिसाद, मिरजेहून:
ऊन नको. पेट्यांतल्या काड्या काढून टाका, आग लागायचं निमित्त नको, आणि सिलिका जेलच्या पुड्या मागं ठेवा, पावसाळ्यात बदला. छापांना फेव्हिकॉल लावू नका. काना मोठा कारण लागायचाच तेवढा, एका पानाला मूठभर. तुम्ही त्यात बाबांची तीन पैशाची ठेवा, मावतील.